दत्तक घेतलेला थोराड कुत्रा

आमच्या घरीं ‘भीम’ आला त्या दिवशीं शेजारच्या आजींनीं कुंपणावरून विचारिलें, “अहो, हें वासरूं कोठून आणलेंत?” भीम हा ग्रेट डेन जातीचा कुत्रा, वजन ६० किलोंहून अधिक. नांवावरून ही जात डेन्मार्कची वाटते, परंतु वस्तुतः ती जर्मनींत रानडुकरांच्या शिकारीकरितां घडविली गेली. आमची स्वारी मात्र नगर-मनमाड रस्त्यावरील एका बंद पडलेल्या धाब्यामागें दोरीनें बांधलेली आढळली.

अशा कुत्र्यांची कर्मकथा बहुधा एकाच वळणाची असते. दोन महिन्यांचें गोजिरवाणें पिलूं शोभेसाठीं विकत आणावें, वर्षाच्या आंत तें टेबलाएवढें उंच व्हावें, त्याच्या खाण्याचा खर्च घरच्या हिशेबांत बसेनासा व्हावा, आणि एके रात्रीं त्यास गाडींत घालून गांवाबाहेर सोडून यावें. भीमाचे पुढचे पाय वांकडे होते. पशुवैद्य म्हणाले, हा बहुधा अतिलाडाचा परिणाम. हाडें बळकट व्हावींत म्हणून लोक पिलास कॅल्शियमची भुकटी चारतात; परंतु थोराड जातींच्या कोंवळ्या पिलांचें आंतडें नको असलेलें कॅल्शियम नाकारूं शकत नाहीं. त्यांतच खाणें जादा झालें कीं वजन झपाट्यानें वाढतें आणि सांधे व हाडें बिघडतात. दांतांवरून त्यांनीं भीमाचें वय चार वर्षें ठरविलें.

आमच्या हातून घडलेली चूकही सांगतों. पहिले कांहीं महिने आम्ही त्यास रात्रीं एकदांच पोटभर जेवूं घालीत असूं. असाच एकदां तो जेवला आणि मुलांबरोबर अंगणांत यथेच्छ धांवला. तासाभरानें पाहतों तों तो अस्वस्थपणें फेऱ्या घालीत आहे, उमासे काढीत आहे, पण ओकारी पडत नाहीं. पोट नगाऱ्यासारखें ताणलेलें. खोल छातीच्या मोठ्या कुत्र्यांच्या जठरांत वायु कोंडतो, जठर स्वतःभोंवतीं पीळ खातें आणि रक्तप्रवाह अडतो. मग शस्त्रक्रियेवांचून उपाय नाहीं, व तीही कांहीं तासांच्या आंत. नगरच्या पशुवैद्यांनीं जाड सुई टोंचून वायु सोडविला आणि पुण्याची वाट धरण्यास सांगितलें. सुपें, शिरूर, शिक्रापूर हीं गांवें त्या रात्रीं किती लांब वाटलीं! पहाटे जठराचा पीळ सोडवून तें पोटाच्या भिंतीस शिवण्यांत आलें, म्हणजे पुन्हां पीळ पडण्याचें भय पुष्कळसें टळतें.

तेव्हांपासून तीन वेळां थोडथोडें अन्न, आणि जेवणानंतर दोन तास सक्तीची विश्रांति. उंच कुत्र्याचें पातेलें चौरंगावर ठेवावें असा सल्ला पुष्कळजण देतात. परंतु २००० सालीं प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेंतील पर्ड्यू विद्यापीठाच्या पाहणींत उंचावरील पातेल्यानें हा धोका वाढल्याचें दिसून आलें. आमचें पातेलें जमिनीवरच आहे.

दुसरी अडचण उन्हाची. आमचा जिल्हा पर्जन्यछायेंतला. वैशाखांत पारा चाळिशीपलीकडे जातो. पारनेरच्या माळावर मेंढरांमागें चालणारा धनगराचा सडपातळ कुत्रा तें ऊन सोसतो. भीमाचें तसें नाहीं. देह जितका मोठा, तितकी वजनाच्या मानानें त्वचा कमी. म्हणून उष्णता बाहेर पडण्यास वेळ लागतो, आणि कुत्र्याची मुख्य भिस्त धापा टाकण्यावर! उन्हाळ्यांत आम्ही त्यास उजाडण्यापूर्वींच भुईकोट किल्ल्याच्या बाजूस फिरवून आणतों. दुपारीं न्हाणीघराची थंड फरशी त्याच्या मालकीची. घरच्या माणसांनीं आधीं विचारावें लागतें.

आयुष्याचा हिशेबही देहाशींच बांधलेला आहे. २०१३ सालीं जर्मनींतील संशोधकांनीं ७४ जातींच्या कुत्र्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांत सुमारें दोन किलो अधिक वजनामागें आयुष्य महिनाभर कमी, असें प्रमाण आढळलें. मोठे कुत्रे लौकर म्हातारे होतात. ग्रेट डेन बहुधा ७ ते १० वर्षें जगतो, आणि भीमानें सातवें वर्ष नुकतेंच ओलांडलें. हें आम्हांस आणतांनाच ठाऊक होतें. तरी मुलांना सांगण्याचें मात्र अजून राहिलें आहे.

हल्लीं तो जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर थांबतो आणि मागें वळून पाहतो. वरचें त्याचें अंथरूण गेल्या आठवड्यांत आम्ही खालीं, आईच्या खोलींत आणलें. कुत्र्याला घरांत घेऊं नका म्हणून पहिल्या दिवशीं रुसलेली तीच आई; आतां रात्रीं दोनदां उठून त्याच्या अंगावरचें पांघरूण सारखें करते.