घड्याळ घरी ठेवा, गोल मैदानात या

उल्हासनगरात ‘उद्यापासून पळायचं’ असं ठरवलेला माणूस मैदानाआधी बाजार गाठतो. कॅम्प २ मध्ये भाव करून, ठोके-पावलं-झोप सगळं मोजणारं घड्याळ मिळतं. मग बूट, मग ॲप, मग ॲपमधलं बारा आठवड्यांचं वेळापत्रक. तिसऱ्या आठवड्यात ते चुकतं आणि घड्याळ फक्त वेळ बघायला उरतं. दोष आळसाला दिला जातो, पण खोट बहुधा सुरुवातीच्या समजुतींतच असते.

त्यातली सगळ्यात घट्ट समजूत म्हणजे मोजमाप आणि शिस्तशीर तालमीशिवाय नीट पळता येत नाही. १९१९ साली पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या शर्यती झाल्या तेव्हा संस्थेचे अध्यक्ष सर दोराबजी टाटा होते. पळणारी बरीचशी शेतकऱ्यांची पोरं, तीही अनवाणी. शर्यतीचे नियम त्यांना धड ठाऊक नव्हते. तरी काहींच्या वेळा युरोपातल्या धावपटूंच्या आसपास जात होत्या. हे दोराबजींनी हेरलं आणि पुढच्याच वर्षी अँटवर्प ऑलिम्पिकला भारताचा छोटा संघ गेला. त्यात बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले होते. मॅरेथॉनमध्ये ते १९ वे आले, वेळ २ तास ५० मिनिटं आणि काही सेकंद. गंमत अशी की त्या वर्षीची मॅरेथॉन ४२.७५ किलोमीटरची होती, आजच्यापेक्षा अर्ध्या किलोमीटरहून जास्त लांब. त्यामुळे चौगुल्यांची वेळ आजच्या कुणाच्या वेळेशेजारी सरळ मांडताच येत नाही.

घड्याळ कुणालाच नको, असं मात्र नाही. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोरांना १६०० मीटर ठरलेल्या वेळेत मारावे लागतात, त्यावर गुण आणि गुणांवर नोकरी. त्यांनी सेकंद मोजलेच पाहिजेत. पण दुकान उघडण्याआधी अर्धा तास मोकळा मिळालेल्या माणसाने त्यांचा नियम स्वतःला का लावावा, हे मला कळत नाही.

दुसरा समज, घड्याळाचा आकडा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. मनगटावरचं यंत्र त्वचेवर हिरवा उजेड टाकतं आणि परतणाऱ्या उजेडातल्या चढउतारांवरून ठोक्यांचा अंदाज बांधतं. पट्टा सैल असला, हात घामेजला, की कधी ते पावलांचा ठेकाच ठोके म्हणून मोजून टाकतं. असे पट्टे केळ्याला बांधले तरी ‘ठोके’ दाखवू शकतात. खोटं वाटलं तर घरी करून बघा. अंतराचंही तेच. उपग्रहाचा सिग्नल दाटीवाटीच्या इमारतींवर आपटून उशिरा पोचतो, म्हणून आपल्या गल्ल्यांमधून पळून आलात की नकाशावर तुम्ही दुकानांच्या भिंतींतून आरपार गेलेले दिसता.

जास्तीत जास्त ठोक्यांसाठी सांगितला जाणारा २२० वजा वय हा हिशेबही असाच. १९७० च्या सुमारास हाती असलेल्या माहितीवरून काढलेला तो ढोबळ अंदाज आहे, आणि एकाच वयाच्या दोन माणसांत दहा-पंधरा ठोक्यांचा फरक सहज असतो. दहा हजार पावलांचा आकडा तर १९६० च्या दशकात जपानमध्ये पावलं मोजायचं यंत्र खपवण्यासाठी आला. पुढे २०१९ साली अमेरिकेत सोळा हजारांहून जास्त वयस्क स्त्रियांच्या पाहणीत साधारण साडेसात हजार पावलांनंतर फायदा वाढताना दिसला नाही.

तिसरा समज आनंदाच्या मुळावरच येतो: धाप लागून वाकल्याशिवाय व्यायाम झाला म्हणायचं नाही. पळताना शेजारच्याशी दोन वाक्यं बोलता आली पाहिजेत, ही साधी कसोटी डॉक्टरही वापरतात. वाक्य अर्ध्यात तुटलं तर वेग कमी करा, गाणं म्हणता येत असेल तर वाढवा. पळून झाल्यावर जी तरतरी येते तिचं श्रेय बरीच वर्षं एंडॉर्फिनला दिलं गेलं. २०२१ मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी काही जणांना एंडॉर्फिनचा परिणाम रोखणारं औषध देऊन मध्यम वेगाने ४५ मिनिटं पळवलं. तरी ती तरतरी आलीच. आता संशय आहे तो शरीरातच तयार होणाऱ्या, गांजातल्या घटकांशी साधर्म्य असलेल्या रसायनांवर. गोल मैदानात गप्पा मारत, हळूहळू फेऱ्या घेणाऱ्या काका-मावशींचे चेहरे बघितलेत, तर संशोधनाची वाट बघावी लागत नाही. आणि थोडक्यात भागतं का? भागतं. पंचावन्न हजार माणसांची माहिती तपासणाऱ्या २०१४ च्या अमेरिकी अभ्यासात रोज पाच-दहा मिनिटं, तीही संथ, पळणाऱ्यांतही मृत्यूचं प्रमाण न पळणाऱ्यांपेक्षा कमी आढळलं.

गुडघे झिजतात म्हणणाऱ्यांना एवढंच सांगा: २०१७ च्या एका एकत्रित अभ्यासात हौशी धावणाऱ्यांत गुडघ्या-खुब्याच्या संधिवाताचं प्रमाण शेकडा साडेतीन होतं, बैठ्या माणसांत दहा. स्पर्धेत उतरणाऱ्यांत मात्र तेरा. आधीच दुखत असेल किंवा छातीत भरून येत असेल, तर आधी डॉक्टर.

आता उलट बाजूचा गैरसमज, कारण तोही पसरतोय: खरं पळणं अनवाणीच. दाखला म्हणून साडीत, अनवाणी पळून बारामतीची शर्यत जिंकणाऱ्या लता भगवान करे यांचं नाव घेतलं जातं. पण त्या पळाल्या त्या नवऱ्याच्या उपचारांच्या खर्चासाठी. परवडत नव्हतं म्हणून केलेल्या गोष्टीला आपण हौसेचं लेबल लावू नये. खोदलेले रस्ते, काचा, मे महिन्यातलं डांबर. पायात साधे, मापाचे बूट हवेतच. महागडे हवेत असं नाही, चालताना सोयीचे वाटले की पुरे.

राहिला शेवटचा धाक, चार दिवस चुकले की सगळं पाण्यात. इथे जुलैत वालधुनी नदी फुगते, गल्ल्या तुंबतात आणि आठवडा सहज जातो. दमाची क्षमता इतक्यात फारशी घटत नाही. फरक जाणवायला साधारण दोन आठवडे लागतात. बुडालेले दिवस भरून काढायला दुप्पट पळणारा मात्र हमखास पाय दुखवून बसतो. पाऊस उघडला की पहिल्या दिवशी नेहमीपेक्षा एक फेरी कमी मारा.