जुन्या ब्रिटिश नाण्यांचे आजचे मोल : सहा पेन्सांचे एक उदाहरण

दशमान पद्धतीपूर्वीच्या एखाद्या ब्रिटिश नाण्याचे आज काय मोल होईल, हा प्रश्न दिसावयास सोपा आहे. नाणे हाती असलेला संग्राहक तो विचारतो आणि जुन्या हिशेबवह्या वाचणारा इतिहासाचा अभ्यासकही तोच विचारतो. तथापि दोघांना हवे असलेले उत्तर एक नसते. ‘मोल’ ह्या एका शब्दात कायद्याने ठरविलेली किंमत, धातूची किंमत, दुर्मिळतेची किंमत आणि क्रयशक्ती अशा निरनिराळ्या गोष्टी सामावलेल्या आहेत. त्यांची सरमिसळ झाली, की हिशेब बरोबर असूनही निष्कर्ष चुकतो. प्रस्तुत लेखात सहा पेन्सांचे नाणे मुख्यतः डोळ्यांपुढे ठेवून ह्या भेदांचे विवेचन केले आहे.

प्रथम चलनाची रचना पाहू. १ पौंड म्हणजे २० शिलिंग आणि १ शिलिंग म्हणजे १२ पेन्स. अर्थात् पौंडाचे २४० पेन्स होत. पेनीचा चतुर्थांश तो फार्दिंग. दोन शिलिंगांच्या नाण्यास फ्लोरिन, अडीच शिलिंगांच्या नाण्यास हाफ क्राउन आणि पाच शिलिंगांच्या नाण्यास क्राउन म्हणत. १६ आणे व १९२ पै ह्यांचा रुपया ज्यांनी वापरला, त्यांना ह्या रचनेत अपरिचित असे काही वाटणार नाही. भारताने १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणेपद्धती स्वीकारली. ब्रिटनमध्ये ती १५ फेब्रुवारी १९७१ रोजी आली. पौंड तोच राहिला, मात्र त्याचे १०० नवे पेन्स झाले. म्हणून १ नवा पेनी २.४ जुन्या पेन्सांबरोबर ठरला.

ह्या कोष्टकाने पहिले उत्तर मिळते. शिलिंग म्हणजे ५ नवे पेन्स, फ्लोरिन म्हणजे १० आणि सहा पेन्सांचे नाणे म्हणजे अडीच. परंतु हे उत्तर बहुतांशी कागदावरचेच आहे. फार्दिंग १९६० च्या अखेरीस, अर्धा पेनी व हाफ क्राउन १९६९ मध्ये, तर पेनी व तीन पेन्सांचे नाणे १९७१ च्या ऑगस्टअखेर बाद झाले. सहा पेन्सांचे नाणे लोकांच्या आग्रहामुळे १९८० पर्यंत टिकले; शिलिंग १९९० पर्यंत आणि फ्लोरिन १९९३ पर्यंत चालले. जुन्यांपैकी क्राउन मात्र अद्यापि कायदेशीर चलन असून त्याची किंमत २५ नवे पेन्स आहे. म्हणजे २८.२८ ग्रॅम वजनाचे, १९२० पूर्वीचे असल्यास २६ ग्रॅमांहून अधिक शुद्ध चांदी असलेले हे नाणे कायद्याच्या दृष्टीने पाव पौंडाचे ठरते. दर्शनी किंमत आणि मोल ह्यांतील अंतर ह्याहून स्पष्ट दाखविणारे उदाहरण क्वचितच सापडेल.

धातुमूल्य काढावयाचे तर नाण्यावरील वर्ष आधी पाहावे लागते. १९२० पर्यंत चांदीच्या नाण्यांत शेकडा ९२.५ भाग शुद्ध चांदी असे. १८१६ च्या व्यवस्थेनुसार एका ट्रॉय पौंड प्रमाणित चांदीची ६६ शिलिंगांची नाणी पाडली जात. म्हणजेच चांदीचा बाजारभाव औंसाला ६६ पेन्सांपेक्षा कमी असेपर्यंत नाणे वितळविण्यात लाभ नव्हता. पहिल्या महायुद्धानंतर हा भाव त्या मर्यादेच्या बराच वर गेला आणि नाण्यातील धातूच नाण्याहून महाग झाला. परिणामी १९२० च्या कायद्याने चांदीचे प्रमाण शेकडा ५० वर आणले. १९४७ पासून तर तांबे व निकेल ह्यांचा मिश्रधातू वापरात आला आणि नेहमीच्या चलनातील नाण्यांत चांदी उरलीच नाही. तदनुसार २.८३ ग्रॅम वजनाच्या सहा पेन्सांच्या नाण्यात १९२० पूर्वी सुमारे २.६२ ग्रॅम, त्यानंतर १९४६ पर्यंत सुमारे १.४१ ग्रॅम आणि पुढे शून्य चांदी आढळते. ह्या आकड्याला त्या दिवसाच्या भावाने गुणले, की धातुमूल्य मिळते. सोन्याच्या सॉव्हरिनमध्ये, जिला आपल्याकडे सर्रास गिनी म्हटले गेले, ७.३२ ग्रॅम शुद्ध सोने असते. १९१८ मध्ये मुंबईच्या टांकसाळीतही सुमारे तेरा लाख सॉव्हरिन पाडल्या गेल्या. आयताकार नव्हे, तर ‘आय’ ह्या इंग्रजी अक्षराच्या सूक्ष्म खुणेने त्या ओळखता येतात.

दुर्मिळतेचे मोल ह्या सर्वांहून स्वतंत्र आहे. वय हे दुर्मिळतेचे गमक नव्हे. व्हिक्टोरिया राणीच्या काळातील कांस्याचे पेनी कोट्यवधी पाडले गेल्यामुळे झिजलेल्या प्रतीस विशेष किंमत येत नाही. उलट १९३३ सालचे पेनी सातच्या आसपासच पाडले गेले; म्हणून तो संग्राहकांच्या जगात सर्वश्रुत आहे. वर्ष, पाडलेली संख्या आणि झीज ह्या तिन्हींवर ही किंमत अवलंबून असते. इतिहासातील व्यवहारांशी तिचा संबंध नसतो.

आता अभ्यासकाच्या दृष्टीने खरा महत्त्वाचा असा प्रश्न येतो. १८८९ च्या ऑगस्टमध्ये लंडनच्या गोदी कामगारांनी संप पुकारला. त्यांची प्रमुख मागणी ताशी सहा पेन्स मजुरीची होती. तोवर पाच पेन्स हा सामान्य दर होता. बेन टिलेट, टॉम मान व जॉन बर्न्स ह्यांनी नेतृत्व केले आणि कार्डिनल मॅनिंग ह्यांच्या मध्यस्थीने सप्टेंबरमध्ये ही मागणी मान्य झाली. ते सहा पेन्स म्हणजे आजचे अडीच नवे पेन्स, असे लिहिले तर एवढ्या क्षुल्लक रकमेसाठी हजारो माणसांनी उपासमार का पत्करली, हे कळणारच नाही. येथे क्रयशक्तीचाच आधार घ्यावयास हवा. किमतींच्या निर्देशांकानुसार एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचा पौंड आजच्या सुमारे शंभर किंवा त्याहून अधिक पौंडांइतका धरावा लागतो. कोणता निर्देशांक घेतला ह्यावर नेमका गुणक अवलंबून राहतो. शंभराचा गुणक धरला, तर सहा पेन्सांची क्रयशक्ती अडीच पौंडांइतकी येते.

परंतु हे उत्तरही पुरेसे नाही. निर्देशांक पाव, कोळसा, घरभाडे अशा वस्तूंच्या व सेवांच्या किमती मोजतो. माणसाच्या श्रमाचे मोल तो मोजत नाही. एप्रिल २०२५ मध्ये ब्रिटनमध्ये २१ वर्षे व त्यावरील कामगारांसाठी ताशी किमान वेतन १२ पौंड २१ पेन्स ठरविण्यात आले. अकुशल श्रमाचा एक तास हे माप धरले, तर १८८९ चे सहा पेन्स ह्या रकमेच्या तोडीचे होतात; म्हणजे गुणक शंभराचा न राहता जवळजवळ ४८८ होतो. दोन्ही गुणक आपापल्या परीने खरे आहेत. पहिला त्या मजुरीत काय विकत घेता येई ते सांगतो. दुसरा त्या समाजात तासाभराच्या कष्टाचे स्थान काय होते ते सांगतो. ह्या दोहोंमधील अंतर म्हणजेच मधल्या काळात झालेली वास्तव वेतनातील वाढ होय. गोदी कामगार तासभर राबून आजच्या अडीच-तीन पौंडांइतकाच माल घरी नेई, हे ध्यानात आले की एका पेनीच्या वाढीसाठी झालेल्या त्या संपाचा अर्थ उलगडतो.

भारतीय इतिहासाच्या अभ्यासकास आणखी एक पायरी ओलांडावी लागते. रुपया चांदीचा व पौंड सोन्याचा असल्यामुळे त्यांचे परस्परांतील प्रमाण स्थिर नव्हते. १८७३ पूर्वी रुपया सुमारे २ शिलिंगांचा होता. ह्या दराने सहा पेन्स म्हणजे चार आणे. चांदी स्वस्त झाल्यावर रुपया घसरत गेला आणि शतकाच्या अखेरीस तो १ शिलिंग ४ पेन्सांवर स्थिर करण्यात आला. तेव्हा एक पेनी बरोबर एका आण्याचा झाला आणि सहा पेन्सांचे सहा आणे झाले. १९२७ मध्ये दर १ शिलिंग ६ पेन्स ठरल्यावर तेच सहा पेन्स पाच आणे चार पै इतके भरले. हा केवळ अंकगणिताचा खेळ नव्हता. भारत सरकारने इंग्लंडमध्ये करावयाचा खर्च पौंडांत ठरत असे. पूर्वी दहा रुपयांत भागणाऱ्या पौंडासाठी पुढे पंधरा रुपये मोजावे लागले आणि तो भार येथील करदात्यांवर पडला. म्हणून जुन्या कागदांतील पौंडांची रक्कम आजच्या विनिमयदराने रुपयांत मांडणे ही चूक होय. ती रक्कम प्रथम त्या वर्षाच्या दराने रुपयांत आणावी आणि मगच येथील धान्याच्या भावाशी व मजुरीशी तिची तुलना करावी.

सारांश, मापाची निवड प्रश्नावरून व्हावयास हवी. नाणे विकावयाचे असेल तर धातू व दुर्मिळता पाहावी. कुटुंबाचा निर्वाह समजून घ्यावयाचा असेल तर वस्तूंच्या किमती, श्रमाचे मोल जाणावयाचे असेल तर वेतन आणि एखाद्या कालव्याचा किंवा युद्धाचा खर्च तोलावयाचा असेल तर राष्ट्रीय उत्पन्नातील त्याचा वाटा पाहावा. सहा पेन्सांचे एकच नाणे कायद्याला अडीच पेन्सांचे, बाजाराला अडीच पौंडांचे आणि श्रमाला बारा पौंडांचे दिसते. ह्यांपैकी कोणता आकडा घेतला व का घेतला, हे अभ्यासकाने प्रत्येक वेळी नमूद केले, तरच वाचकाला त्याचा निष्कर्ष पारखून घेता येतो.