विश्लेषण : सियाचीनमधील जवानाचा भत्ता मूळ पगारापेक्षा जास्त का?

सैन्यात शिपाई म्हणून भरती झालेल्या जवानाचे सुरुवातीचे मूळ वेतन सातव्या वेतन आयोगानुसार दरमहा २१,७०० रुपये आहे. हाच जवान सियाचीनमध्ये तैनात झाला, तर २०१७ मध्ये मंजूर झालेल्या दरानुसार त्याचा फक्त भत्ताच ३०,००० रुपयांचा होता. म्हणजे पगारापेक्षा भत्ता मोठा! पण या वाढीव रकमेचा किती भाग जवानाच्या हाती कायम राहतो? सैन्यातील 'जादा पैशां'चे गणित नेमके कसे चालते?

मिलिटरी सर्व्हिस पे म्हणजे काय?

सहाव्या वेतन आयोगाने 'मिलिटरी सर्व्हिस पे' म्हणजे लष्करी सेवा वेतन सुरू केले. घरापासून लांब राहणे, चोवीस तास उपलब्ध असणे, कडक शिस्त आणि तरुण वयातच निवृत्ती या गोष्टी नागरी नोकरीत नसतात. त्याचा हा मोबदला. सातव्या आयोगानुसार ब्रिगेडियरपर्यंतच्या अधिकाऱ्यांना दरमहा १५,५०० रुपये, लष्करी परिचारिका सेवेतील अधिकाऱ्यांना १०,८०० रुपये, तर जेसीओ आणि जवानांना ५,२०० रुपये मिळतात.

ही रक्कम महागाई भत्ता आणि पेन्शन ठरवताना मूळ वेतनात धरली जाते. घरभाडे भत्ता किंवा वार्षिक वेतनवाढ काढताना मात्र ती धरत नाहीत.

जेसीओंची नाराजीही याच आकड्यांवरून आहे. जेसीओ हे राजपत्रित दर्जाचे असूनही त्यांना जवानांइतकीच रक्कम मिळते. ती १०,००० रुपये करावी, हा प्रस्ताव अर्थ मंत्रालयाने डिसेंबर २०१८ मध्ये फेटाळला. त्याचा फटका तिन्ही दलांतील सुमारे १.१२ लाख जणांना बसला.

भत्ता ठरतो कसा?

सातव्या आयोगापूर्वी प्रत्येक खडतर ठिकाणासाठी आणि कामासाठी वेगवेगळे भत्ते होते. आयोगाने त्यांना एका तक्त्यात बसवले. तक्त्याच्या एका बाजूला जोखीम, दुसऱ्या बाजूला खडतरपणा. दोन्हींच्या प्रत्येकी तीन पायऱ्या, म्हणजे एकूण नऊ चौकटी. काम ज्या चौकटीत बसते, त्यानुसार भत्ता.

सरकारने २०१७ मध्ये मंजूर केलेले काही मासिक दर असे :

- अतिउंचावरील भत्ता : २,७०० ते २५,००० रुपये
- बंडखोरीविरोधी मोहिमांचा भत्ता : ६,००० ते १६,९०० रुपये
- नौदलाच्या 'मार्कोस' कमांडोंचा भत्ता : १७,३०० ते २५,००० रुपये
- युद्धनौकांवरील समुद्र भत्ता : ६,००० ते १०,५०० रुपये

सियाचीन मात्र या नऊ चौकटींच्याही वर आहे. एप्रिल १९८४ मधील 'ऑपरेशन मेघदूत'पासून तिथे भारतीय सैन्य तैनात आहे. गोळीबारापेक्षा थंडी, हिमस्खलन आणि विरळ हवा यांनीच तिथे जास्त बळी घेतले आहेत. म्हणून तक्त्यात त्यासाठी कमाल दराची स्वतंत्र चौकट आहे. आयोगाने अधिकाऱ्यांसाठी ३१,५०० आणि जवानांसाठी २१,००० रुपये सुचवले होते. सरकारने त्यात वाढ करून ते अनुक्रमे ४२,५०० आणि ३०,००० रुपये केले. महागाई भत्ता ५० टक्क्यांनी वाढला की या तक्त्यातील दर २५ टक्क्यांनी वाढवायचे, असा नियम आहे.

मग अडचण कुठे आहे?

भत्ता ठिकाणाला चिकटलेला असतो, माणसाला नाही. जवान हिमनदीवरून खाली उतरला की तो थांबतो. शिवाय तो पेन्शनमध्ये धरला जात नाही. त्यामुळे मुलांची फी किंवा घराचा हप्ता या भत्त्याच्या भरवशावर ठरवणाऱ्या कुटुंबाचे बजेट बदली होताच कोलमडू शकते.

अग्निवीरांना काय मिळते?

अग्निवीराला पहिल्या वर्षी दरमहा ३०,००० रुपयांचे पॅकेज मिळते. त्यातील ३० टक्के म्हणजे ९,००० रुपये सेवा निधीत जातात आणि हातात २१,००० रुपये येतात. चौथ्या वर्षी पॅकेज ४०,००० रुपये होते. सरकारही सेवा निधीत तेवढीच रक्कम घालते. चार वर्षांनंतर व्याजासह सुमारे ११.७१ लाख रुपये मिळतील, असे योजना जाहीर करताना सांगण्यात आले होते.

जोखीम आणि खडतरपणाचा भत्ता अग्निवीरालाही लागू आहे. पण महागाई भत्ता, मिलिटरी सर्व्हिस पे आणि पेन्शन नाही. म्हणजे एकाच चौकीवर शेजारी उभ्या असलेल्या दोघांची जोखीम सारखी, पण पगाराची स्लिप वेगळी.

शौर्यपदक आणि दिवाळी बोनस

शौर्यपदकाचा मासिक भत्ता हुद्द्यावर नाही, तर पदकावर ठरतो. १ ऑगस्ट २०१७ पासून परमवीर चक्रासाठी २०,०००, अशोक चक्रासाठी १२,०००, महावीर चक्रासाठी १०,०००, तर वीर चक्रासाठी ७,००० रुपये मिळतात. पदक मिळवणारा शिपाई असो वा कर्नल, रक्कम तीच.

आणि बोनस? केंद्राच्या तदर्थ बोनसच्या आदेशात सशस्त्र दलांतील पात्र कर्मचाऱ्यांचाही समावेश असतो. मात्र हिशेबासाठी महिन्याचा पगार कितीही असला, तरी तो ७,००० रुपयेच धरतात. त्यामुळे ३० दिवसांचा बोनस ६,९०८ रुपयांवर थांबतो.

पुढे काय?

न्या. रंजना प्रकाश देसाई यांच्या अध्यक्षतेखालील आठव्या वेतन आयोगाच्या कार्यकक्षेला केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मंजुरी दिली. अहवालासाठी १८ महिन्यांची मुदत आहे. सैन्यदलांचे वेतन आणि भत्तेही आयोगाच्या कक्षेत येतात. जवानांच्या घरांसाठी तेव्हा सर्वांत महत्त्वाचा आकडा भत्त्याचा नसेल. मूळ वेतन आणि मिलिटरी सर्व्हिस पे किती वाढतात, हे आधी पाहावे लागेल. कारण निवृत्तीनंतर पेन्शन ठरते ती याच दोन आकड्यांवर.