दुसऱ्या वाटेची किंमत

विजेचे दोन दिवे समांतर जोडणीत जोडण्याचा प्रयोग तुम्ही शाळेत केला असेल. एक दिवा काढून घेतला तरी दुसरा जळतच राहतो. पण बॅटरीकडून येणारी मुख्य तारच काढली तर? दोन्ही दिवे एकदम विझतात! हा साधा प्रयोग ध्यानात ठेवा. एका देशापुढे उभा राहिलेला मोठ्या खर्चाचा प्रश्न त्यावरून आपल्याला समजून घ्यायचा आहे.

पॅसिफिक महासागरात टोंगा नावाचा बेटांचा लहानसा देश आहे. त्याची लोकसंख्या सुमारे १ लाख. २०१३ साली फिजीपासून टोंगापर्यंत समुद्रतळावरून ८२७ किलोमीटर लांबीची केबल टाकण्यात आली. केबलच्या आत केसासारखे बारीक काचतंतू असतात आणि त्यांतून प्रकाशाच्या स्पंदांच्या रूपाने इंटरनेटचे संदेश धावतात. या कामाला सुमारे ३ कोटी डॉलर लागले. जागतिक बँक आणि आशियाई विकास बँक यांनी त्यात मोठे साहाय्य केले.

१५ जानेवारी २०२२ रोजी जवळच्या समुद्रातील ज्वालामुखीचा प्रचंड स्फोट झाला आणि केबल तुटली. देशातील बेटांना एकमेकांशी जोडणारी दुसरी केबलही त्याच दिवशी तुटली. घरे पडली, किनाऱ्यावर लाटा चढल्या, आणि नेमक्या त्याच वेळी टोंगाचा जगाशी संबंध तुटला. तिथली कितीतरी कुटुंबे परदेशी कामाला गेलेल्या नातलगांच्या पैशावर चालतात. एकेकाळी कोकणातली घरे मुंबईच्या मनीऑर्डरीची वाट पाहत, तसेच हे. आपली माणसे जिवंत आहेत की नाहीत, हेही या नातलगांना कित्येक दिवस कळेना. दुरुस्तीचे जहाज पापुआ न्यू गिनीहून आले, ८० किलोमीटरांहून अधिक केबल नव्याने घालावी लागली, आणि मुख्य बेटावरील इंटरनेट पाच आठवड्यांनी सुरू झाले.

आता थोडे गणित करू. याआधी जानेवारी २०१९ मध्येही ही केबल जवळजवळ दोन आठवडे बंद होती. म्हणजे साडेआठ वर्षांत हे दोन मोठे खंड मिळून सुमारे ५० दिवस. शंभरांपैकी ९८ दिवस केबल चालूच होती! कागदावर हे उत्तम दिसते. पण उरलेले दोन दिवस संकटाचेच असतील, तर त्या ९८ दिवसांचे समाधान कितीसे?

म्हणून दुसरी, राखीव वाट हवी. समजा, प्रत्येक वाट १०० दिवसांतून एक दिवस बंद पडते. दोन्ही एकाच दिवशी बंद पडण्याची शक्यता १०० गुणिले १००, म्हणजे १०,००० दिवसांत एकदा. सुमारे २७ वर्षांत एक दिवस. मात्र एक अट आहे. दोन्ही वाटा एकाच कारणाने बंद पडता कामा नयेत. त्याच समुद्रतळावर शेजारी दुसरी केबल टाकली, तर ती एकाच मुख्य तारेवरच्या दोन दिव्यांसारखी होईल. टोंगात एकाच स्फोटाने दोन केबली तोडल्याच ना?

मग खर्चाचे काय? पहिल्या केबलएवढाच खर्च धरला, तर माणशी ३०० डॉलर पडतात. केबलचे आयुष्य साधारण २५ वर्षे धरतात. म्हणजे वर्षाला १२ डॉलर. देखभाल सोडून महिन्याला एक डॉलर. तुम्ही म्हणाल, मग एखादी खाजगी कंपनीच हे का करत नाही? कारण दुसऱ्या केबलने ग्राहक वाढत नाहीत. माणसे तीच, संदेश तेच. वाढतो तो फक्त खर्च. जिथे नफा नाही पण गरज आहे, तिथे सरकारलाच पुढे व्हावे लागते.

राखीव वाट उपग्रहाचीही असू शकते. भूस्थिर उपग्रह ३६,००० किलोमीटर उंच असतो. प्रश्न वर जाऊन खाली येतो, उत्तरही तसेच येते. हा सारा प्रवास १,४४,००० किलोमीटरांचा, म्हणून जवळजवळ अर्धा सेकंद उशीर होतो. शिवाय केबलच्या मानाने उपग्रह फारच थोडे संदेश वाहू शकतो. पण रुग्णालय, बँक आणि मदतकार्य यांची निकड त्यावर भागते. प्रवासाला निघताना आपण लग्नाची पंगत बांधून नेत नाही, शिदोरी नेतो. तसेच हे.

आपल्या देशातही असे उदाहरण आहे. अंदमान आणि निकोबार बेटे पूर्वी उपग्रहावर अवलंबून होती. १० ऑगस्ट २०२० रोजी चेन्नईपासून तिथवर सुमारे २,३०० किलोमीटरांची केबल सुरू झाली. सरकारने त्यासाठी सुमारे १,२२४ कोटी रुपये खर्च केले. २०११ च्या जनगणनेप्रमाणे तिथली वस्ती ३ लाख ८० हजार, म्हणजे माणशी सुमारे ३२,००० रुपये! आणि एवढे करूनही जुनी उपग्रहाची वाट मोडीत काढून चालणार नाही. तिचा खर्च रोज वाया गेल्यासारखा वाटेल. पण ज्या दिवशी केबल तुटेल, त्या दिवशी तिची खरी किंमत कळेल.