गृहशिक्षणात 'कर्सिव्ह'चा कित्ता मध्येच बदलावा का?

नवी दिल्ली : घरीच शिकणाऱ्या मुलाने लपेटीदार इंग्रजी अक्षराची, अर्थात 'कर्सिव्ह'ची पुस्ती अर्धी संपवली आहे, अक्षराला मात्र वळण लागलेले नाही आणि वही उघडताच मुलाचे डोळे भरून येतात. अशा वेळी ती पुस्ती बाजूला ठेवून दुसऱ्या पद्धतीची आणावी का, हा प्रश्न अमेरिकेत मुलांना घरी शिकवणाऱ्या पालकांपुढे वारंवार उभा राहतो. शाळेत असा निर्णय शिक्षक किंवा स्थानिक शिक्षण मंडळ घेते. घरी तो पालकांनाच घ्यावा लागतो.

करोनाकाळानंतर या प्रश्नाची व्याप्ती वाढली आहे. अमेरिकेच्या जनगणना विभागाच्या पाहणीनुसार, शाळकरी मुले असलेल्या कुटुंबांपैकी गृहशिक्षण देणाऱ्यांचे प्रमाण २०२० च्या वसंत ऋतूत ५.४ टक्के होते. त्याच वर्षीच्या शरद ऋतूत ते ११.१ टक्क्यांवर गेले. त्यापूर्वी, २०१० मध्ये जाहीर झालेल्या 'कॉमन कोअर' या सामायिक अभ्यासमानकांत कर्सिव्हला स्थान मिळाले नव्हते. पुढे वीसहून अधिक राज्यांनी हा विषय पुन्हा आणला. कॅलिफोर्नियाने ऑक्टोबर २०२३ मध्ये संमत केलेला कायदा सहावीपर्यंतच्या वर्गांत कर्सिव्हचे शिक्षण बंधनकारक करतो. हे नियम मुख्यतः सरकारी शाळांसाठी आहेत. घरी कोणती पुस्ती वापरायची, याबाबत पालक बहुतांशी मोकळे असतात.

निवड सोपी नाही, कारण बाजारातील पद्धतींमध्ये मुळातच फरक आहे. ओहायोतील जुन्या 'झेनर-ब्लोझर' पद्धतीत मुलाला आधी सरळ उभी सुटी अक्षरे आणि नंतर तिरकी जोडअक्षरे शिकवली जातात. मिशिगनमधील शिक्षक डोनाल्ड नील थर्बर यांनी १९७८ मध्ये आणलेल्या 'डीनीलियन' पद्धतीत सुटी अक्षरेच तिरकी असून त्यांना लहानशी शेपटी असते. पुढे जोडणी सोपी जावी, हा त्यामागील विचार. व्यवसायोपचारतज्ज्ञ जॅन ओल्सेन यांच्या 'हँडरायटिंग विदाउट टिअर्स' पद्धतीत जोडअक्षरेही उभीच राहतात आणि मुले दुरेघी कागदावर लिहितात. ओरेगनमधील 'गेटी-डुबे' इटालिक पद्धतीत तर फासे जवळपास नाहीतच.

पुस्ती बदलल्यावर नेमके काय बिघडते, हे समजण्यासाठी अक्षर हाताला कसे बसते ते पाहावे लागते. सरावलेला हात अक्षराचा आकार आठवून काढत नाही. पाठ झालेली एक हालचाल तो पुन्हा करतो. ती हालचाल सहज होईपर्यंत मुलाचे बरेचसे लक्ष अक्षर वळवण्यातच खर्च होते आणि शब्दरचना, विरामचिन्हे, विचार यांना कमी वाटा मिळतो. वॉशिंग्टन विद्यापीठातील व्हर्जिनिया बर्निंगर यांच्या, तसेच स्टीव्ह ग्रॅहॅम यांच्या दीर्घकालीन संशोधनातून अक्षरलेखनाची सहजता आणि निबंधलेखनाचा दर्जा यांतील हा संबंध पुढे आला आहे. म्हणूनच पुस्ती बदलण्याची किंमत केवळ नव्या पुस्तकापुरती नसते. अर्धवट बसलेली हालचाल मोडून दुसरी बसवताना मुलाचे एकूण लेखनच काही काळ मागे पडू शकते.

मात्र प्रत्येक बदल सारखाच महाग पडत नाही. तिरक्या वळणाकडून उभ्या वळणाकडे जाताना बहुतेक छोट्या अक्षरांचा मार्ग तोच राहतो, केवळ कल बदलतो. मोठी लिपी वेगळी असली तरी फारसे अडत नाही, कारण ती वाक्याच्या आरंभी आणि विशेषनामांतच येते. खरी परीक्षा जोडणीची असते. बहुतेक छोटी अक्षरे खालच्या रेघेवर संपतात. 'बी', 'ओ', 'व्ही' आणि 'डब्ल्यू' ही चार मात्र वर संपतात. त्यामुळे त्यांच्यापुढील अक्षराची सुरुवातही वरूनच करावी लागते. 'ओ'नंतरचा 'एस' किंवा 'बी'नंतरचा 'आर' लिहिताना मुले अडखळतात ती इथेच. फाशांच्या पद्धतीतून इटालिककडे वळणाऱ्या मुलाला जोडणीचे नियमच नव्याने शिकावे लागतात. नवी पुस्ती विकत घेण्यापूर्वी आतील या चार अक्षरांची पाने पाहिली, तरी दोन पद्धतींत किती अंतर आहे याचा अंदाज येतो.

आणखी एक अडचण सहसा उशिरा लक्षात येते. काही पुस्त्या 'आय', 'टी', 'यू' अशा अक्षरांपासून सुरू होतात, तर काही 'सी', 'ए', 'डी'पासून. दोनदा पुस्ती बदललेले मूल आरंभीची अक्षरे तीनदा घोटते, पण मुळाक्षरांच्या शेवटापर्यंत एकदाही पोहोचत नाही. दोष मग मुलाच्या आळसाला दिला जातो.

एक पद्धत दुसरीपेक्षा सरस असल्याचा पुरावाही तोकडाच आहे. तिरक्या सुट्या अक्षरांमुळे कर्सिव्ह लवकर येते या दाव्याचा ग्रॅहॅम यांनी १९९० च्या दशकात आढावा घेतला, तेव्हा त्याला पुरेसा आधार आढळला नाही. नॉर्वेतील संशोधकांचा २०२४ मधील मेंदूलहरींचा अभ्यास कर्सिव्हच्या समर्थनार्थ अनेकदा पुढे केला जातो. त्यात हाताने लिहिणे आणि कळफलकावर टंकणे यांची तुलना होती, पुस्त्यांची नव्हे.

त्यामुळे आधी तक्रार नेमकी कशाची आहे, हे तपासणे इष्ट ठरते. आकार बरोबर येत असून मूल केवळ कंटाळत असेल, तर ओळी कमी करणे, रेघांमधील अंतर वाढवणे, काही दिवस फळ्यावर लिहून घेणे एवढ्याने भागू शकते. फाशांमध्ये अक्षरे हरवत असतील किंवा डावखुऱ्या मुलाला उजवीकडचा कल जमत नसेल, तर उभ्या वळणाची पद्धत खरोखर उपयोगी पडते. अर्थात डावखुऱ्यांच्या बाबतीत कागद घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने तिरका ठेवून पाहणे हा त्याआधीचा बिनखर्चाचा उपाय आहे. हात दुखत असेल, किंवा तोंडी उत्तम सांगणाऱ्या मुलाला अनेक महिन्यांच्या सरावानंतरही दोन ओळी लिहिणे जड जात असेल, तर मात्र पुस्ती बदलण्यात वेळ न घालवता व्यवसायोपचारतज्ज्ञांचा सल्ला घेणे आवश्यक आहे.

भारतात गृहशिक्षण मर्यादित असले, तरी वडिलांची वा आईची बदली झाली की मुलाच्या चार रेघी वहीतले वळणही बदलते, हा अनुभव अनेक कुटुंबांना आहे. नवी शाळा जुने अक्षर चूक ठरवते आणि मूल पुन्हा पहिल्या पानावर येते. महाराष्ट्रात एकेकाळी शाळकरी मुले बाळबोध आणि मोडी अशी दोन वळणे शिकत. एकाच हाताला दोन वळणे येऊ शकतात. पण तेथे दोन्ही लिपींची कामे वेगळी होती, एक शिकताना दुसरी पुसून टाकावी लागत नसे.

बदल करायचे ठरलेच, तर मुलाकडून आधी एक उतारा जुन्या पद्धतीने लिहून घ्यावा. त्यात जी अक्षरे ते न अडखळता, वाचता येतील अशी लिहिते, ती नव्या पुस्तीत वेगळी दिसत असली तरी तशीच राहू द्यावीत आणि सराव केवळ उरलेल्या अक्षरांचा व त्यांच्या जोडण्यांचा करून घ्यावा. फासे नसलेली पद्धत स्वीकारणाऱ्यांनी जुने फासेदार अक्षर वाचण्याचा सरावही वेगळा ठेवणे गरजेचे आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराला आपल्या हस्तलिखितांच्या लिप्यंतरासाठी आज कर्सिव्ह वाचू शकणाऱ्या स्वयंसेवकांना आवाहन करावे लागत आहे.