प्रशिक्षण एक, परिणाम दोन

कारखान्यात, बँकेत, शाळेत वेगवेगळ्या जातिधर्मांच्या स्त्री-पुरुषांनी सलोख्याने काम करावे म्हणून हल्ली प्रशिक्षणवर्ग घेतले जातात. व्याख्यान तेच, तक्ते तेच. तरी एकजण विचारात पडून घरी जातो आणि दुसरा 'आमच्यावर उगाच ठपका ठेवला' म्हणून चिडतो. असे का व्हावे?

दुसऱ्याच्या मनात पूर्वग्रह जास्त असतील, हे उत्तर लगेच सुचते. पण ते अपुरे आहे. प्रियांका कार, कॅरोल ड्वेक व क्रिस्टिन पॉकर यांचे अमेरिकेतील प्रयोग २०१२ साली प्रसिद्ध झाले. पूर्वग्रह कधी बदलत नाही असे मानणाऱ्यांना परवंशीयांशी बोलण्यात आणि पूर्वग्रह घालवण्याच्या उपक्रमांत कमी रस होता. गंमत अशी, की ज्यांच्या मनात पूर्वग्रह कमी होते त्यांचेही तसेच! दोष जाणारच नसेल तर तो उघडा पडण्याची धास्तीच उरते. अशा माणसाला 'तुम्ही पूर्वग्रहदूषित आहात' असे सुनावणारा प्रशिक्षक त्याची समजूत आणखी घट्ट करतो. 'त्यांची जातच तशी' हे वाक्यही आम्हाला त्याच साच्यातले वाटते.

सातारा-सांगली भागात वेगळी वाट फार पूर्वी चोखाळली गेली. १९१० साली वसलेल्या किर्लोस्करवाडीत लक्ष्मणराव किर्लोस्करांनी अस्पृश्यता पाळू दिली नाही. त्यांच्या नांगरांची काही काळ विक्री करणाऱ्या भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढले. सर्व जातींची मुले तेथे एकत्र राहत, एका पंगतीत जेवत, कामेही मिळून करीत. आधी मन बदला, मग पंगतीला बसा, अशी अट नव्हती.

अर्थात वसतिगृह म्हणजे प्रयोगशाळा नव्हे. तुलनेला दुसरा गट नव्हता. तशी तुलना मॅट लोव यांनी उत्तर प्रदेशात केली. निरनिराळ्या जातींच्या तरुणांना त्यांनी यदृच्छेने क्रिकेटच्या संघांत वाटले. एका संघात खेळलेल्यांत जातीबाहेरची मैत्री वाढली. प्रतिस्पर्धी म्हणून समोर आल्याने मात्र जातीबाहेरचे संबंध सर्वसाधारणपणे घटलेच. हे निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले.

प्रयोगाच्या तासाला मुले आपल्याच आळीतला जोडीदार शोधतात. तेथे चिठ्ठ्या टाकून गट पाडावेत, प्रत्येक गटाला एकच तराजू द्यावा, आणि गटागटांत चुरस लावण्याचा मोह टाळावा.