कोजागिरीचं दूध पल्याड

परंडा तालुक्यातला एक ओढा, त्यावरचा फरशी पूल. ६ ऑक्टोबर २०२५, सकाळचे साडेसात. २२ सप्टेंबरच्या पुरानंतर आज पहिल्यांदा या पुलावर एवढी माणसं आहेत. तेव्हा याच तालुक्यात पाण्यात अडकलेल्यांना हेलिकॉप्टरनं बाहेर काढावं लागलं होतं.

पूल जागच्या जागी आहे. गेलाय तो भराव. फरशी संपते तिथं पुरुषभर खोल घळ पडलीय. अलीकडं बाभळीची फांदी आडवी टाकून वाट बंद केलीय. युरियाच्या रिकाम्या गोण्यांत बाया मुरूम भरतायत, तोंडं सुतळीनं शिवतायत आणि गोणी हातोहात घळीत उतरतेय. ट्रॅक्टर गावातलाच, डिझेल वर्गणीतून.

खरं काम मात्र खाली चाललंय. तीन पोरं कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून नळकांड्यांत अडकलेला गाळ-कचरा ओढतायत. बाभळीची खोडं, उसाचं पाचट, ठिबकच्या नळ्यांचा गुंता. त्यात सोयाबीनचं एक ताट निघतं; शेंगा काळ्या पडलेल्या, प्रत्येकीला पांढरा कोंब फुटलेला. पोरगा ते हातात धरून क्षणभर बघतो, मग काठावर नीट ठेवतो. फेकत नाही.

या कचऱ्यानंच घात केला. नळकांडी बुजली, पाणी तुंबून पुलावरून गेलं आणि पल्याड उतरताना भराव उकरत गेलं. भराव कितीही घाला, नळकांडी तुंबलेली राहिली तर पुढच्या पावसात पुन्हा हेच. ‘‘आधी नळं मोकळी करा रं,’’ काठावरचे आण्णा सारखं सांगतायत, आणि त्यांचंच बरोबर आहे.

पल्याडच्या वस्तीवर म्हशी आहेत. पंधरा दिवस दूध लांबच्या वळशानं येतंय, उन्हं चढली की नासतंय. या भागात खव्याच्या भट्ट्या. किलोभर खव्याला पाचेक लिटर दूध आटतं, पण नासलेलं कोण घेणार? आणि आज कोजागिरी.

पल्याडून एक मामी डोक्यावर कॅन घेऊन येतात.

‘‘मामी, थांबा जरा. अजून एक थर हाय.’’

‘‘दूध थांबतंय व्हय, बाळा?’’

त्या चपला काढून हातात घेतात, टाचेनं गोणी दाबून बघतात. मग दुसरी. तिसरी. कॅनचं झाकण किणकिणतं. सगळे हात थांबलेत. मामी फरशीवर येतात, मागं वळून वस्तीकडं हात करतात. दप्तर पाठीला लावलेल्या दोन पोरी निघतात.

आण्णा फांदी ओढून बाजूला घेतात. पुरी नाही, माणूस जाईल एवढीच.